'चान्न्याचे राती' आपलं, आणि 'ब्रह्मास्त्र' मात्र परक्याचं?

आज जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या डिचोलीकडच्या मराठी घरांत एक हिशेब गेली साठेक वर्षं चुकीचा मांडला जातोय. लग्नघर असो, चवथीची आरती आटपल्यावरची रात्र असो, पेटी निघाली की कोणीतरी 'चान्न्याचे राती' सुरू करतंच. आजी-पणज्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ. गाणं कोंकणी आहे म्हणून कोणी उठून गेलेलं मी अजून पाहिलं नाही. आणि त्याच खोलीत, अर्ध्या तासानं, सोलकढीचे पेले फिरताना, राजभाषेचा विषय निघतो आणि उदय भेंब्रे हे नाव येतं. मग बघा चेहरे. "मराठीचा वैरी" याच्या खाली कोणी बोलत नाही. आत्ता जे गाणं म्हटलं ते उल्हास बुयांवनी गाऊन घराघरांत पोचवलं, पण लिहिलं याच भेंब्र्यांनी, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. उरलेल्या निम्म्यांना माहीत असतं, पण ते तेवढ्यापुरतं विसरतात.

हे आज लिहायला कारण घडलं. आपल्यातल्याच एका मंडळानं स्मरणिका काढायचं ठरवलं. विषय चांगला, गोव्यातली मराठी वृत्तपत्रं आणि आपली घरं. माझ्याकडे लेख मागितला, मी दिला. त्यात दोन पानं 'राष्ट्रमत'मधल्या 'ब्रह्मास्त्र' या सदरावर होती. आठ दिवसांनी फोन. "काका, लेख छान आहे, पण ते ब्रह्मास्त्राचं काढूया का? गाण्याचं ठेवा हवं तर. आपल्या लोकांना आवडायचं नाही." मुलगा गुणी आहे, वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी अख्खा लेखच परत घेतला. बँकेत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक सवय लागते, खात्याची एकच बाजू दाखवणाऱ्या कागदावर तो सही करत नाही.

बाहेरगावी वाढलेल्या नातवंडांसाठी आधी थोडं मागचं सांगतो. १९६१ च्या डिसेंबरात गोवा सुटला. १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली, मगो पक्ष आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मगोचं म्हणणं सरळ होतं, गोवा महाराष्ट्रात घालायचा. समोरच्यांचं म्हणणं, गोवा वेगळा राहू द्या. शेवटी १६ जानेवारी १९६७ ला लोकांना विचारायचं ठरलं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं, विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. निवाडा नीट व्हावा म्हणून भाऊसाहेबांचं सरकार डिसेंबरात पायउतार झालं. आजच्या काळात कोण करील?

डिचोली, पेडणे, सत्तरी हा सगळा पट्टा फुलाचा. आमच्या घराच्या दारावर खडूनं फूल काढलेलं होतं आणि ते मीच काढलं होतं, वय वर्षं पंधरा. वडलांचा किराणा मालाचा पसरा होता बाजारात. संध्याकाळी सहानंतर पसऱ्यासमोरच्या बाकावर पाच-सात मंडळी जमायची, एक मास्तर, एक शिंपी, खाणीवरचे एक-दोघे, भजनातले बुवा. सगळे फुलाचे. घरी 'गोमन्तक' यायचा, तो आपला पेपर. चौगुल्यांचा, पणजीहून निघणारा, मोठा, सजलेला, आणि विलीनीकरणाच्या बाजूनं उघड उभा. 'राष्ट्रमत' मडगावचा. चंद्रकांत केणी संपादक. तो घरात येत नसे. तो यायचा जवळच्या केशकर्तनालयात, आणि वडील मला रोज पाठवायचे, "जा, ब्रह्मास्त्रात आज काय म्हटलंय बघून ये."

मी नुसता बघून येत नसे, पेपरच उसना आणत असे. मग बाकावर मोठ्यानं वाचन. आता हे ध्यानात घ्या, ऐकणारे सगळे विरोधक. एकेका वाक्याला शिव्या पडायच्या. पण मधेच मास्तर हात वर करायचे, "थांब रे, ती ओळ परत वाच." परत वाचली की दोन मिनिटं शांतता. मग शिंपीकाका म्हणायचे, "ह्याला उत्तर काय द्यायचं ते सांगा आता."

समोरच्या बाजूचे मुद्दे तुम्हाला ऐकून माहीत असतील. गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा होऊन बसेल. कलेक्टर येईल आणि मुंबईकडे बघून कारभार करील. नोकऱ्या बाहेरच्यांना जातील. महाराष्ट्रात दारूबंदी होती, तर माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरानं काय करायचं? यातले काही मुद्दे आम्हाला तेव्हाही फुसके वाटत आणि मला आजही वाटतात. पण ते रोजच्या जगण्याचे होते, पोटाचे होते, आणि पसऱ्यावरच्या माणसाला समजतील अशा भाषेत मांडलेले होते. आमच्या बाजूला महाराष्ट्रातून मोठमोठे वक्ते यायचे. टाळ्या पडायच्या. सभा संपली की मंडळी घरी जाताना म्हणायची, काय बोलला हो! पण काय बोलला ते दुसऱ्या दिवशी कोणाला सांगता येत नसे. ब्रह्मास्त्रातलं मात्र सांगता येत होतं.

आणि माझ्या लेखाचा जो भाग मंडळाला नको होता, तो नेमका हा. ब्रह्मास्त्र मराठीत होतं. कोंकणीत नव्हतं, इंग्रजीत नव्हतं, मराठीत. 'राष्ट्रमत' मराठी दैनिक होतं. वेगळ्या गोव्याची लढाई, जिला आपले लोक मराठीविरुद्धची लढाई म्हणतात, तिचं सगळ्यात धारदार हत्यार मराठीत घडवलेलं होतं, कारण गोव्यातल्या हिंदू घरांत वाचायची भाषा मराठीच होती हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. फुलवाल्यांच्या घरात शिरायचं तर याच दारानं, हा हिशेब त्यांनी बरोबर केला. भेंबरे तेव्हा सत्तावीस वर्षांचे. वकिलीकडे निघालेला, गाणी लिहिणारा मुलगा. त्यानं आमच्याच भाषेत येऊन आम्हाला गाठलं. आता सांगा, 'गोव्यातली मराठी वृत्तपत्रं' या विषयावर पुस्तक काढायचं आणि हे गाळायचं, तर राहतं काय? जाहिराती?

निकाल सगळ्यांना माहीत आहे. वेगळ्या गोव्याला १,७२,१९१, विलीनीकरणाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. आमच्या घरी त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. दारावरचं फूल आईनं दुसऱ्या दिवशी सारवताना पुसलं, काही न बोलता. आणि दोन-अडीच महिन्यांत निवडणूक झाली तर याच गोव्यानं भाऊसाहेबांना पुन्हा निवडून दिलं! म्हणजे आमच्या आईबापांच्या पिढीला एका माणसाचं एक मत नाकारून दुसरं मान्य करणं जमत होतं. ते आपल्यालाच का जमेनासं झालंय?

आता आपल्यातले शहाणे लोक दुसरा मुद्दा काढतात, तोही घेतो. म्हणतात, पत्रकारानं गाणी लिहू नयेत, कवीनं पेपरात लिहू नये. एकदा गाण्यानं लोकांना भुलवलं की मग पेपरातलं कसंही खपतं, हा काय न्याय झाला? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. त्या मोहिमेत गाण्यांनी मोठं काम केलं. उल्हास बुयांव आपलं कलापथक घेऊन गावोगाव हिंडले, डॉ. मनोहरराय सरदेसायांसारख्यांची गाणी त्यांच्या गळ्यात होती. ती गाणी ऐकायला फुलवाली पोरंही जायची, मी गेलो होतो, वडलांना न सांगता. गाण्याला उलट उत्तर देता येत नाही, हे तर खरंच. कोणी सुरात म्हणत असताना तुम्ही मधे उठून "आकडे दाखवा" म्हणू शकत नाही.

पण म्हणूनच मला या माणसाचं वागणं सरळ वाटतं. त्याला वाद घालायचा होता तो त्यानं पेपरात घातला, जिथे 'गोमन्तक'ला दुसऱ्या दिवशी उत्तर देता येत होतं, आणि आमच्या मास्तरांना बाकावर. 'चान्न्याचे राती' मध्ये ना फूल, ना दोन पानं. ते चांदण्या रात्रीचं गाणं आहे आणि तेवढंच आहे. म्हणून तर ते डिचोलीत शिरलं, पेडण्यात शिरलं, जिथे दोन पानं काही केल्या शिरली नाहीत. सदर वेगळं, गाणं वेगळं. एका हातानं दोन्ही लिहायची आणि एकाची शाई दुसऱ्यावर सांडू द्यायची नाही, हे किती कठीण असतं ते ज्यानं स्मरणिकेत दोन कविता आणि एक लेख एकदम दिलाय त्याला विचारा. (मी दिलाय. कवितेत महागाई भत्ता आला होता.)

आणि निःपक्षपातीपणाची भाषा आपण कोणाला शिकवतो? 'गोमन्तक' निःपक्षपाती होता का? तो उघड आमच्या बाजूनं होता आणि आम्हाला तो त्यासाठीच आवडायचा. सदर म्हणजे बातमी नव्हे. सदर लिहिणाऱ्यानं बाजू घ्यायचीच असते, फक्त ती कुठली ते लपवायचं नसतं.

बाकीबाबांचंही सांगतो, कारण या बाबतीत आपलं वागणं तिथेच उघडं पडतं. बा. भ. बोरकर आपले लाडके. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांची कविता नाही असं वर्ष गेलं नाही. स्वतःच्या कविता स्वतःच गाऊन दाखवायचे, आणि ते गाणं ज्यांनी समोर बसून ऐकलं त्यांना नंतर दुसऱ्या कोणाच्या तोंडून ती कविता ऐकवत नसे. पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यांच्या कवितांचे कार्यक्रम केले, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असतील. पण हे बाकीबाब 'आमचा गोमंतक'चे संपादक होते, हे किती जणांना ठाऊक? मास्तरकी सोडून गोव्याबाहेर, मुंबईला गेले, सालाझारच्या राजवटीविरुद्धच्या त्या पेपरात बसले, 'पोर्जेचो आवाज' सांभाळला. पुढे आकाशवाणीवर पुण्याला आणि पणजीला. म्हणजे गाणारा कवी आणि वर्तमानपत्रवाला, दोन्ही एकाच माणसात. आपण त्यातला पौर्णिमेचा चंद्र तेवढा ठेवला आणि पेपर रद्दीत घातला. त्यांना १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'सासाय' या कोंकणी संग्रहाला, मराठी संग्रहाला नव्हे, हेही आपण हळूच मागे ढकलतो. बाकीबाबांची कोंकणी आपल्याला चालते, कारण त्यांनी मराठीत इतकं दिलं. मान्य. मग भेंब्र्यांनी मराठीत जे दिलं ते का चालू नये? आपल्या विरुद्ध दिलं म्हणून?

विष्णू वाघांचं काय वेगळं झालं? कवी, नाटककार, पत्रकार, दोन्ही भाषांत सारखा हात. माणूस अंथरुणाला खिळलेला असताना 'सुदिरसूक्त'वरून केवढा गदारोळ झाला! ज्यांना त्यांचं नाटक हवं होतं त्यांना त्यांची कविता नको होती. असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी सावकाश लिहीन.

आता माझं स्वतःचं मत, म्हणजे कोणी "काका तिकडचे झाले" म्हणायला नको. मी तिकडचा झालेलो नाही. १९८४ मध्ये भेंबरे मडगावातून अपक्ष आमदार झाले. दुसऱ्या वर्षी त्यांनी कोंकणी राजभाषेचं खाजगी विधेयक आणलं. ते आंदोलन कसं पेटलं, त्यात माणसं कशी गेली, ते आपण पाहिलंय. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीला वापराची मुभा मिळाली. मुभा! ज्या भाषेत इथल्या देवळांतली भजनं, घरातली पोथी, दुकानातली खतावणी, पोरांची शाळा चालली तिला मुभा. हा शब्द मला तेव्हा बोचला आणि आजही बोचतो. मी बँकेत काउंटरवर होतो. मये, मुळगाव, शिरगावहून म्हातारी माणसं यायची, पैसे काढायच्या चिठ्ठीवर मराठीत सही करायची, रक्कम मराठीत लिहायची. कुठल्याही कायद्यानं ती सही बदलली नाही. मी मरेपर्यंत हेच म्हणणार, मराठीला इथे बरोबरीची खुर्ची हवी होती. भेंबरे पुढे 'सुनापरान्त' या कोंकणी दैनिकाचे संपादक झाले, २०१५ साली 'कर्णपर्व' नाटकाला साहित्य अकादमी मिळाली, तेव्हा मला आनंद झाला आणि राजभाषेवरचा रागही होता तिथेच राहिला. दोन्ही एकत्र राहू शकतात. नवरा-बायकोत नाही का राहत?

माझी तक्रार आहे ती रागावर नाही, रागाच्या आळसावर आहे. त्या हिवाळ्यात आमच्या बाकावरची मंडळी चिडलेली होती, पण चिडून उत्तर शोधत होती. मास्तर रात्री कंदिलापाशी बसून 'गोमन्तक'ला पत्र लिहायचे. सहा पाठवली, दोन छापून आली. छापून आलेलं पत्र आम्ही त्याच केशकर्तनालयात नेऊन 'राष्ट्रमत'च्या शेजारी ठेवायचो, येईल त्या गिऱ्हाइकानं दोन्ही वाचावं म्हणून. ही आपली डिचोलीची मराठी बाजू. ती हरली, पण वाचून, लिहून हरली.

आणि आता? २०२५ च्या सुरुवातीला शिवाजी महाराज आणि गोवा या विषयावर भेंब्र्यांनी एक व्हिडिओ केला. वय पंच्याऐंशी. त्यावरून जमाव रात्री मडगावला त्यांच्या घरापर्यंत गेला. त्यातली त्यांची काही मतं मलाही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते सांगायला मला कोणाच्या दारात जायची गरज नाही, माझ्या तालुक्यातलं नार्वे पुरेसं आहे. सप्तकोटेश्वराचं देऊळ महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभं करवलं, तिथला शिलालेख आजही उभा राहून वाचता येतो. आपल्या हातात दगडावर कोरलेला पुरावा आहे! तो असताना ज्याला चार ओळी लिहायचं सुचत नाही आणि घोषणा सुचतात, त्यानं महाराजांच्या नावानं बोलू नये. आमचे मास्तर असते तर त्यांनी शिलालेख उतरवून घेतला असता, साल, तिथी तपासली असती, आणि असं पत्र लिहिलं असतं की समोरच्याला उत्तर देणं भाग पडलं असतं. समोरचाही असा की त्यानं उत्तर दिलं असतं, कारण त्याचा सगळा जन्म त्यातच गेलाय.

मंडळातल्या त्या गुणी मुलाला मी एवढंच विचारलं, "तू ब्रह्मास्त्र वाचलंयस?" म्हणाला, "नाही काका, पण घरात ऐकलंय." घरात! म्हणजे आमच्याकडूनच. आपण पोरांना शिव्या दिल्या आणि मजकूर दिला नाही. नव्या सोमवारच्या बैठकीला गायक चुकला तर समोरचा म्हातारा नुसता नाक मुरडत नाही, कुठला सूर चुकला ते सांगतो. तेवढी शिस्त आपण लिहिण्याबद्दल कधी दाखवली?

तेव्हा एक काम सांगतो. डिचोली, साखळी, पेडणे, म्हापसा, जिथे कुठे आपली जुनी घरं आहेत आणि माळ्यावर ट्रंका आहेत, तिथे १९६६ च्या दिवाळीपासून १९६७ च्या शिगम्यापर्यंतचे 'गोमन्तक' आणि 'राष्ट्रमत'चे अंक किंवा कात्रणं असतील तर कृपा करून रद्दीवाल्याला देऊ नका. वाळवी लागलेली असली तरी चालतील. फुलाची की पानांची, विचारणार नाही. मी दर बुधवारी पणजीला पाट्यावरच्या सेंट्रल लायब्ररीत जातो, तिथे जे मिळेल ते उतरवून घेतोय. बाकीचं तुमच्याकडे असेल. डोळे आता फार वेळ साथ देत नाहीत, त्यामुळे कोणी वाचून दाखवणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर तिलाही पाठवा, येण्याजाण्याचं भाडं आणि भजी माझ्याकडून.